सड्यावरच्या तांबे बाई

तांबे बाईंच्या तोंडचं एक वाक्य मी मुद्दाम खोटं करून सांगितलं. पुष्कळ दिवस मी त्याला चूक म्हणत होतो. चूक घाईत होते, आणि मी घाईत नव्हतो. भर दुपारी, आमच्या गावच्या सड्यावर, शंभरेक माणसांच्या देखत एका पोर्तुगीज बाईंनी इंग्रजीत प्रश्न विचारला. मी तो तांबे बाईंना मराठीत वेगळाच करून विचारला. बाईंनी खरं उत्तर दिलं. त्या उत्तराचं इंग्रजीत काय झालं ते पुढे येईलच. पण आधी बाई कोण ते सांगायला हवं, कारण त्या दिवशी मी नेमकं तेच झाकलं होतं.

रत्नागिरीपासून तासाभराच्या अंतरावर आमचं गाव आहे. घरं खाली वहाळाच्या काठाने, आणि वर सडा. सडा म्हणजे उघडा कातळ, मैलभर सपाट. पावसाळ्यात त्यावर मांडीएवढं गवत येतं, दिवाळीनंतर ते वाळतं, कापलं जातं, आणि मग जूनपर्यंत तांबडा-काळा दगड तापत पडलेला असतो. त्या दगडावर तांबे बाईंनी आम्हाला फुटबॉल शिकवला. ऐकणाऱ्याला पटत नाही. आम्हालाही तेव्हा पटलं नव्हतं.

बाई आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आल्या तेव्हा मी पाचवीत होतो. सुनंदा तांबे. उंच, हाडकुळ्या, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. साडीखाली बूट घालणारी बाई गावाने पहिल्यांदा पाहिली आणि आठवडाभर तेवढाच विषय चालला. त्यांचे वडील पोफळीला वीजघरात हेल्पर होते. तिथल्या कॉलनीत नाना प्रांतांतले लोक, आणि त्यांतला एक मल्याळी फिटर संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवायचा. बाई आठ वर्षांच्या असताना कुंपणाबाहेर गेलेले चेंडू आणून द्यायच्या. एक दिवस त्यांनी चेंडू दिलाच नाही. "मला पण घ्या, नायतर हा मिळणार नाय." फिटरने घेतलं. हे त्या आम्हाला सांगायच्या तेव्हा शेवटी नेहमी म्हणायच्या, "चेंडू ज्याच्या हातात, त्याचं ऐकावं लागतं. म्हणून चेंडू सोडू नका."

शाळेत मुलं कमी. मुलांची वेगळी टीम करायची म्हटलं तर सातच भरायची. बाईंनी मुलामुलींची एकच टीम केली. गावात आवाज उठला. पोरींना दगडावर धावायला लावते, पाय मोडला तर लग्न कोण करेल, वगैरे. बोलणाऱ्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती ते पुढे आणत नव्हते. बाई बौद्धवाडीतल्या. त्यांनी सड्यावर एक मोठा मातीचा माठ ठेवला होता, आणि खेळून झालं की सगळे त्याच माठाचं पाणी प्यायचे. माझ्या आईने मला प्लास्टिकची बाटली भरून दिली. "आपली आपण प्यायची," एवढंच म्हणाली. कारण सांगितलं नाही, पण मला कळलं होतं. दहा वर्षांच्या पोराला ते कळतं.

मी बाटली काढली तशी बाई जवळ आल्या.

"पाणी आणलंस होय रे सुध्या?"

"हो बाई."

"बरं केलंस. माठ आज अर्धाच भरलाय. चल, सगळ्यांना वाट."

मी एकेकाला बाटली देत गेलो. शेवटी माझ्यासाठी काही उरलं नाही. बाईंनी माठातलं पाणी पितळेच्या पेल्यात घातलं आणि पेला माझ्यासमोर धरला. मी प्यालो. घरी जाऊन आईला सांगितलं नाही, आणि बाटलीही पुन्हा नेली नाही. पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट मी अभिमानाने सांगत आलो, जणू काही मीच काही केलं होतं. पेला धरणारा हात बाईंचा होता.

बाईंच्या रागाबद्दल सांगितलं नाही तर हे चित्र खोटं होईल. बाई रागीट होत्या. गोलकीपर पुढे आला नाही, ग्रामसेवकाने दाखला दिला नाही, एसटी उशिरा आली, कशाचाही राग. पण त्यांचा आवाज चढला की आम्ही निर्धास्त असायचो, कारण तो राग वाऱ्यावर जायचा. आवाज उतरला की मात्र आम्ही चेंडू ठेवून सरळ उभे राहायचो. एकदा एका पालकाने आपल्या मुलीला सड्यावरून केसांना धरून ओढत नेलं. बाई त्याच्या मागोमाग त्याच्या अंगणात गेल्या आणि इतक्या हळू आवाजात बोलल्या की शेजारच्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी परत आली. बाप स्वतः सोडायला आला होता आणि लांब उभा राहिला होता.

गोलाचे खांब म्हणून चिव्याचे बांबू. जाळं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मागून आणलेलं, मासेमारीचं जुनं. मी गोलकीपर, म्हणून कायम सुक्या बांगड्याचा वास अंगाला. रेघा भाताच्या तुसाच्या राखेने मारायच्या. चेंडू कातळावर महिनाभर टिकायचा. बाईंचे यजमान लोट्याला केमिकल कंपनीत होते. शिफ्टमुळे आठवड्यातून एकदा घरी यायचे आणि येताना जाड चिकटपट्टी आणायचे. आमचे चेंडू त्या पट्टीवर जगले. रोज सकाळी शाळेआधी बाई हातोडी घेऊन सड्यावर जायच्या. कातळाला वर आलेली टोकं असतात, ती त्या ठोकून सपाट करायच्या. एक टोक, दोन टोकं, रोज थोडी थोडी. चौतीस वर्षं. त्यांची दोन वेळा दुसऱ्या गावच्या शाळेत बदली झाली, पण घर इथेच बांधलं होतं, संध्याकाळी त्या सड्यावर असायच्याच. निवृत्त झाल्यावरही तेच, फक्त मुलं हळूहळू क्रिकेटकडे वळली आणि सड्यावर मुलीच उरल्या. आमच्या सड्याचा तो एक तुकडा आज पाहिला तर आजूबाजूच्या कातळापेक्षा वेगळा दिसतो. तो निसर्गाने तसा केलेला नाही.

दाभोळला एकदा स्पर्धा होती. आम्ही टेम्पोतून गेलो, अकरा जणांत सहा मुली. आयोजक म्हणाले, मुली चालणार नाहीत, नियमात नाही. बाईंनी नियमांचं पुस्तक मागितलं. पुस्तक नव्हतं. मग बाई मैदानाच्या मधोमध गेल्या, बसल्या, डबा सोडला आणि भाकरी खायला लागल्या. मागोमाग आम्ही अकरा जण बसलो.

"बाई, उठा. मॅच सुरू करायची आहे," आयोजक म्हणाला.

"करा की. आमचं जेवण होईस्तोवर बाजूबाजूने खेळा."

अर्ध्या तासाने त्यांनी मुलींना घेतलं. आम्ही सहा-शून्यने हरलो. त्यांतले दोन गोल माझ्या पायांमधून गेले. परत येताना टेम्पोत बाई म्हणाल्या, "हरलात ते मला मान्य आहे. खेळूच दिलं नसतं तर ते मान्य नसतं. आता गाणी म्हणा."

सत्कार त्यांना आवडत नसे. निवृत्तीच्या वेळी पंचायत समितीने शाल-श्रीफळ ठेवलं होतं. बाईंनी निरोप पाठवला, शाल नको, एक चांगलं जाळं द्या. जाळं मिळालं नाही, आणि बाई कार्यक्रमाला गेल्या नाहीत. लोक म्हणाले, माज आहे. माज असेल. पण त्यांच्या पोरींतल्या दोघी पोलिसांत आहेत, एक परिचारिका आहे आणि अस्मिता नावाची एक चिपळूणला क्रीडाशिक्षिका आहे. गावातल्या मुलांपैकी मी एकटाच बी.कॉम. झालो, इंग्रजी शिकलो आणि भाऊशेठांच्या ऑफिसात लागलो.

भाऊशेठ रत्नागिरीतले मासळीचे मोठे निर्यातदार. मी त्यांचा पत्रव्यवहार बघायचो. परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची, पाहुणे आले की सोबत फिरायचं. अठरा वर्षं केलं. शेठ सायकलवर टोपली लावून मासे विकत वर आले होते आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर होता. तो आदर खोटा नव्हता, हे मला इथे नोंदवायचं आहे, कारण माझ्या पुढच्या वागण्याला तेवढंही कारण उरलं नाही तर मी नुसता लाचारच ठरतो. कदाचित तेच खरं असेल.

पोर्तुगालमधल्या एका बंदरगावात त्यांचं जुनं गिऱ्हाईक होतं. माखूल, म्हणजे स्क्विड, आमच्याकडून घ्यायचं. त्या गिऱ्हाइकाने शेठना तिथल्या फुटबॉल क्लबच्या सामन्याला नेलं. छोटा क्लब, दुसऱ्या फळीतला. शेठना खेळातलं काही कळत नव्हतं. पण क्लबचे म्हातारे मालक आत आले तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं आणि टोप्या काढल्या, एवढं त्यांनी पाहिलं. परत आले ते दुसरेच होऊन.

"साळवी," मला म्हणाले, "आपण माल पाठवतो, पैसे येतात. टोपी कोण काढतं का आपल्यासाठी? इथे कलेक्टर आला की मीच उभा राहतो."

क्लबला पैशांची गरज होती आणि शेठना भागीदारी हवी होती. त्यानंतर आमच्या ऑफिसात जे चाललं त्याला वेड म्हणायचं की काय, मला कळत नाही. केबिनमध्ये भला मोठा टीव्ही आला. गोल झाला की शेठ म्हणायचे, "पॉइंट." क्लबचा रंग हिरवा, म्हणून आम्हा सगळ्यांना हिरवे लोकरी गळपट्टे मिळाले आणि रत्नागिरीच्या मे महिन्यात ते घालून आम्ही फोटो काढले. घाम पुसत हसलो. कोणी म्हणालं नाही की हे काय चाललंय. मीही नाही. पगारवाढीचा महिना होता.

अडचण एकच आली. त्या क्लबात सामान्य समर्थकांचीही एक सभा होती, आणि नवा भागीदार घ्यायचा तर तिची संमती लागायची. सभेने पत्र पाठवलं. पैशांबद्दल त्यांना काही विचारायचं नव्हतं. प्रश्न एकच होता. तुमच्या स्वतःच्या गावात तुम्ही फुटबॉलसाठी काय केलं आहे?

शेठनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. "काय केलंय आपण?"

"काही नाही, शेठ."

"मग काहीतरी करा, साळवी."

मला तांबे बाई आठवल्या. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही, कोणी बाईंचं नावही घेतलं नव्हतं. मीच म्हणालो, "आमच्या गावात एक बाई आहेत."

पुढच्या दोन महिन्यांत मी काय काय केलं ते सरळ सांगतो. बाईंच्या घरी गेलो आणि त्यांचा अल्बम मागितला. म्हटलं, शेठ मुलींसाठी अकादमी काढतायत, जुने फोटो हवेत. बाईंनी अल्बम देताना विचारलं, "शेठला खेळाचं काय पडलंय?" मी म्हणालो, "माणूस मोठ्या मनाचा आहे." ते फोटो मी फाइलमध्ये लावले आणि प्रत्येकाखाली शेठच्या अकादमीचं नाव छापलं. माझा स्वतःचा पाचवीतला फोटोही त्यात होता. त्याखालीही छापलं.

मग सडा. सड्याचा तो तुकडा आमच्या भावकीच्या मालकीचा. सातबाऱ्यावर तेवीस नावं, त्यांतली अठरा मुंबईत. शाळेला खेळायला तो कधी दिला, कोणी दिला, कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या आजोबांनी तोंडी सांगितलं, खेळा, आणि तेवढ्यावर सगळं चाललं. आमच्याकडे असंच चालतं. शब्द दिला की दिला, कागद कशाला. पण पाहुण्यांना दाखवायचं तर जागा शेठच्या नावावर हवी होती. मी परळ, नालासोपारा, दिवा अशा फेऱ्या मारल्या आणि तेवीस सह्या गोळा केल्या. सगळ्यांनी विचारलं, कशाला विकायची. मी सगळ्यांना सांगितलं, पोरींच्या मैदानासाठी. माझे चुलते दत्तूकाका म्हणाले, "मग चांगल्या कामाला कशाला अडवा?" आणि चष्मा शोधून सही केली. तेविसावी सही माझी होती.

बाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. पडवीत बसून शेंगा सोलत होत्या.

"कागदावर पोरींचं काही लिहिलंय काय रे?"

"लिहायला कशाला हवं बाई. शेठचा शब्द आहे."

"शब्द तुझ्या आजोबांचा होता. त्यांची सही घेतलीस?"

मी हसलो. मला वाटलं, विनोद केला.

पाहुणे जानेवारीत आले. क्लबचे एक अधिकारी आणि समर्थकांच्या सभेकडून तेरेझा नावाच्या बाई, पोस्टात नोकरी करणाऱ्या, पन्नाशीच्या, हातात वही. सड्यावर मांडव होता, निळा फलक होता, त्यावर शेठचा हसरा चेहरा आणि खाली "फुटबॉल अकादमी". चौदा मुलींना नवे हिरवे शर्ट दिले होते, घडीच्या खुणा तशाच असलेले. गाव जमलं होतं. आमच्या सरपंचांनी शेठच्या पायांना हात लावला. तांबे बाई यायला तयार नव्हत्या. शेठ त्यांचा सत्कार करणार होते, फोटोत शाल घालताना दिसायला हवे होते, म्हणून मी आदल्या दिवशी जाऊन बसलो.

"मी सत्कार घेत नाय, तुला ठाऊक आहे."

"माझ्यासाठी बाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्यासाठी येते," म्हणाल्या.

ऊन होतं. शेठनी बाईंना जाड शाल घातली आणि फोटो निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी शाल काढून घडी करून खुर्चीवर ठेवली, तेव्हा तेरेझाबाई त्यांच्याजवळ आल्या आणि मला म्हणाल्या, त्यांना विचारा, या अकादमीत त्या किती वर्षं नोकरी करतायत?

मी मराठीत विचारलं, "बाई, किती वर्षं शिकवताय तुम्ही?"

"चौतीस. तुला रे ठाऊक नाही होय? पहिल्या बॅचचा तू."

मी इंग्रजीत सांगितलं की त्या म्हणतात, चौतीस वर्षांपूर्वी शेठजींनी हे मैदान केलं आणि पहिल्या दिवसापासून मला नोकरीवर ठेवलं, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

उपकाराचं तर कोणी विचारलंही नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. चौतीस वर्षांपूर्वी शेठ मिरकरवाड्यात सायकल लावून उभे असायचे, आणि त्या वेळी बाई एकट्या हातोडी घेऊन या दगडावर ओणव्या झालेल्या असायच्या. मला हे माहीत होतं. मी ते पाहिलं होतं. तेरेझाबाईंनी वहीत लिहून घेतलं आणि बाईंचा हात हातात घेतला. बाई हसल्या. त्यांना वाटलं, आपल्या कामाची कोणीतरी कदर करतंय.

मुलींच्या रांगेमागे अस्मिता उभी होती. तिला इंग्रजी येतं. हे मी विसरलो होतो.

तीन दिवसांनी बाईंनी मला शाळेच्या रस्त्यात गाठलं. आवाज इतका खाली होता की मला वाकावं लागलं.

"मी त्यांची नोकर होते काय रे?"

मी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बोल की. इंग्रजीत बोल. तुला त्यात बरं जमतं."

"बाई, पोरींच्या भल्यासाठीच..."

"पोरींचं नाव घेऊ नकोस. माझ्या नोकरीचं नाव जिल्हा परिषद. सड्यावर मी कोणाची नोकरी केली नाही. फुकट केलं, कारण मला आवडायचं. तेवढंच माझं होतं. तेवढंच तू दिलंस उचलून."

त्या निघून गेल्या. मी ऑफिसात गेलो आणि पाहुण्यांना आभाराचं पत्र लिहिलं. होय, त्याच दिवशी.

एप्रिलमध्ये क्लबचं उत्तर आलं. समर्थकांच्या सभेने परदेशी भागीदार नको असं ठरवलं होतं. चार ओळी. का, ते लिहिलं नव्हतं. शेठनी पत्र वाचलं, टीव्ही बंद केला आणि गळपट्टे गोळा करायला सांगितले. मला वाटलं, संपलं. पण हरलेल्या माणसाला आपण काहीतरी मिळवलंय असं वाटायला हवं असतं, आणि शेठच्या हातात सडा होता. मे महिन्यात तिथे चिऱ्याची भिंत उठली. मग लोखंडी गेट, गेटला कुलूप. आत बंद पडलेले रेफ्रिजरेटेड कंटेनर आणि मासळीचे फुटके क्रेट आणून टाकले. बाईंनी सपाट केलेला कातळ ट्रक वळवायला सोयीचा पडला.

मी शेठकडे गेलो. "शेठ, पोरींना संध्याकाळचा एक तास तरी..."

"पडून कोणाचा पाय मोडला तर जबाबदार कोण, तुम्ही? क्लबच नाही तर अकादमी कसली, साळवी?" मग म्हणाले, "तुमचं गाव आहे म्हणून वाईट वाटतंय. होईल सवय."

मला संताप आला. आज हे लिहितानाही येतो. त्या माणसाने एक खेळ हातात घेतला, त्याच्यासाठी टोप्या निघाल्या नाहीत म्हणून फेकून दिला, आणि फेकताना खाली कोण आहे ते पाहिलंही नाही. गावाचाही राग येतो. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतला एकही गेटपाशी गेला नाही. सरपंच म्हणाले, खाजगी जागा आहे, आपण काय बोलणार. आमच्या गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाच्या बैठकीत दत्तूकाका माझ्याकडे बघत म्हणाले, "सुधीर, तू तर पोरींसाठी म्हणालास." एवढंच. आणि हा सगळा राग फिरून फिरून मलाच येऊन चिकटतो, कारण मी तरी काय केलं? शेठच्या केबिनमधून बाहेर आलो आणि आपल्या टेबलावर बसलो. आणखी सहा महिने बसलो. मुलीचं कॉलेज होतं, घराचं छप्पर होतं, कारणं भरपूर होती.

बाई एकट्या तहसील कार्यालयात गेल्या. तीन वेळा. कागद दाखवा म्हणाले. कागद नव्हता, तोंडी शब्द होता, आणि ज्यांनी तो ऐकला होता त्यांच्या सह्या खरेदीखतावर होत्या. कुलूप लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या संध्याकाळी मुलींना घेऊन गेटसमोर रस्त्यावरच खेळ घ्यायच्या, आणि ट्रक आला की शिट्टी वाजवून सगळ्यांना कडेला घ्यायच्या. चौदा मुली होत्या. पावसाळ्यानंतर नऊ राहिल्या. पाच जणींच्या घरच्यांनी सांगितलं, मैदानच नाही तर जाता कुठे. त्यांतली एक, श्रावणी, जिल्ह्याच्या संघात निवडली गेली होती. तिने खेळणं सोडलं. तिच्या वडिलांनी मला बाजारात सांगितलं, रागाने नव्हे, सहज, आंब्याचा भाव सांगावा तसं.

त्या दिवशी मी राजीनामा लिहिला. फार उशिरा लिहिला. मग तेरेझाबाईंना पत्र लिहिलं, बाई खरं काय म्हणाल्या होत्या ते शब्दशः, आणि मी काय सांगितलं होतं तेही. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. यावं असा माझा हक्कही नाही.

मग बाईंकडे गेलो. डिसेंबरची दुपार होती. बाई पडवीत चेंडूला पट्टी गुंडाळत होत्या. यजमान तीन वर्षांपूर्वी वारले, आता पट्टी बाजारातली. मला बस म्हणाल्या नाहीत. मी उभा राहूनच बोलायला लागलो, बाई, मला तुमची माफी मागायची आहे, आणि त्यांनी हात वर करून थांबवलं.

"माझी कशाला? मी एकसष्टची. माझे दिवस खेळून झाले."

"मी तुमचं नाव..."

"नाव गेलं ते माझं मी बघेन. तू पोरींचं मैदान घालवलंस. आमच्या पाठीमागे घालवलंस, गोड बोलून. आता इथे पडवीत कानात माफी मागून जाशील आणि रात्री झोपशील. ते नाय होणार." आवाज अगदी खाली होता. "उद्या साडेचारला खालच्या मळ्यात ये. सगळ्यांसमोर सांग. आणि सोपं सांग. त्यांना तुझी कारणं ऐकायची नाहीत."

खालच्या मळ्यातलं भात कापून झालं होतं. एका शेतकऱ्याने एप्रिलपर्यंत जागा दिली होती, या वेळी बाईंनी त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. जमिनीत भाताचे खुंट उभे होते, त्यांवर मुली धावत होत्या. अस्मिता चिपळूणहून आली होती. दत्तूकाकाही बांधावर बसले होते, त्यांना कोणी बोलावलं ते मला माहीत नाही. बाई राखेने रेघ मारत होत्या, वाकून, अंगठ्याने टिचक्या देत. मी आलो ते त्यांनी पाहिलं. रेघ कोपऱ्यापर्यंत पुरी केली, मगच शिट्टी वाजवली.

नऊ मुली घामेजलेल्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बाई त्यांच्या मागे, कमरेवर हात ठेवून. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. क्षमा नव्हती, उत्सुकता नव्हती. दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही मैदान परत मिळवून देणार काय?"

"नाही," मी म्हणालो. "ते माझ्या हातात नाही."

"मग कशाला आलात?"

मी म्हणालो, "मी सुधीर साळवी. सड्यावरचं मैदान तांबे बाईंनी चौतीस वर्षं दगड फोडून केलं. मी पाहुण्यांना सांगितलं की ते शेठनी केलं आणि बाई त्यांच्या नोकर आहेत. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला माहीत होतं. जमीन शेठला मिळावी म्हणून भावकीच्या सह्या मी आणल्या. कागदावर तुमच्यासाठी काही लिहिलंय का असं बाईंनी विचारलं होतं, मी काहीच लिहून घेतलं नव्हतं. तुमचं मैदान माझ्यामुळे गेलं. श्रावणीचं खेळणं माझ्यामुळे सुटलं, तिच्या घरी जाऊन मी हेच सांगणार आहे. दत्तूकाका, तुम्हाला मी फसवलं. मुलींनो, तुमची मी माफी मागतो. बाई, तुमचीही."